आठ महिने एकच डेक: पॉपर बर्नचा वापरानंतरचा अनुभव

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाच्या स्पर्धा खेळायच्या तर खिसा गरम हवा, असं मला सगळ्यांनीच ऐकवलं होतं. म्हणून मी पॉपर निवडला. या फॉरमॅटमध्ये (खेळाच्या प्रकारात) कधी ना कधी कॉमन, म्हणजे सहज मिळणारी, म्हणून छापलेली कार्डंच चालतात. त्यातही बर्न घेतला, म्हणजे थेट डॅमेज देऊन समोरच्याला संपवणारा डेक (कार्डांचा संच). ६० कार्डं, सगळा डेक लाल. गेले आठ महिने ठाण्यात दर शनिवारी हाच खेळतेय आणि माझा त्याच्यावर जीव जडलाय. पण ‘नवशिक्यांचा सोपा डेक’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर आधी हे वाचा.

हिशेब सोपा वाटतो. समोरच्याचं लाइफ सुरुवातीला २०, ते शून्यावर आलं की आपण जिंकलो. लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट यांच्या चार-चार प्रती, प्रत्येक कार्ड एका लाल मानात (माना म्हणजे कार्ड टाकायची किंमत) ३ डॅमेज देतं. सात त्रिक एकवीस, गेम संपला. त्या नादात मी पहिला महिना फक्त १६ माउंटन (लाल माना देणारी लँड कार्डं) ठेवून खेळले आणि लँड न आल्याने हातात बोल्ट धरून नुसती बसून राहिले. मग वही काढून आकडेमोड केली. सुरुवातीच्या सात कार्डांत एकच लँड येण्याची किंवा एकही न येण्याची शक्यता १६ लँडवर सुमारे ३९ टक्के आहे, १८ लँडवर ३१. आता १८ आहेत आणि त्यातलं एकही मी काढणार नाही.

या डेकमधलं माझं सर्वांत लाडकं कार्ड थर्मो-अल्केमिस्ट. आडवं केलं, म्हणजे वापरलं, की १ डॅमेज, आणि आपण इन्स्टंट किंवा सॉर्सरी (बोल्टसारखा एकदाच वापरायचा स्पेल) टाकली की पुन्हा सरळ होतं. त्यामुळे आधी ते आडवं करायचं, मगच बोल्ट टाकायचा, मग परत आडवं. एका बोल्टचे ३ नाहीत, ५ होतात. ही सवय हाताला लागायला मला दोन महिने लागले.

फायरब्लास्टने मात्र रडवलं. दोन माउंटन सॅक्रिफाइस केले (कायमचे टाकून दिले) की फुकटात ४ डॅमेज. एका स्पर्धेच्या तिसऱ्या राउंडला समोरच्याचं लाइफ बरोब्बर ४ होतं, माझ्याकडे दोनच माउंटन. त्याचं एक आयलंड (निळं माना देणारं लँड) सरळ, म्हणजे न वापरलेलं, उभं होतं, ते दिसूनही मी घाई केली. त्याने शांतपणे हायड्रोब्लास्ट, लाल कार्ड रद्द करणारं निळं कार्ड, ठेवलं. माउंटन ही किंमत असते, कार्ड काउंटर (रद्द) झालं तरी ते परत येत नाहीत. माझ्यासमोरचं टेबल रिकामं झालं आणि दोन टर्नमध्ये मी हरले. आता निळा डेक समोर असेल तर त्याची सगळी लँड आडवी होईपर्यंत मी फायरब्लास्टला हात लावत नाही.

हिरव्या डेकशी खेळताना वेगळंच भान लागतं. वेदर द स्टॉर्म ३ लाइफ देतं, आणि त्या टर्नमध्ये आधी टाकलेल्या प्रत्येक स्पेलमागे त्याची एक प्रत होते. आपले स्पेलसुद्धा त्यात मोजले जातात. मी एका दमात तीन स्पेल टाकले की समोरच्याला एकदम १२ लाइफ. म्हणून एका टर्नला एकच टाकायचा आणि बोल्ट त्याच्या टर्नसाठी राखायचा. साइडबोर्डच्या (दोन गेमच्या मध्ये डेकमध्ये बदलून घ्यायच्या) १५ कार्डांत स्मॅश टू स्मिथरीन्सचे चार आहेत. अॅफिनिटी या आर्टिफॅक्टवर (वस्तूंच्या कार्डांवर) चालणाऱ्या डेकचं आर्टिफॅक्ट फुटतं आणि वर ३ डॅमेजही बसतं.

पावसाळ्याचं सांगायलाच हवं. जुलैत माझे फॉइल (चकचकीत थराचे) बोल्ट दमट हवेने धनुष्यासारखे वाकले. डेक पिसून समोरच्याला काटायला दिला की तो नेमका तिथेच उघडायचा. जजने मार्क्ड (न उघडताच ओळखू येणारं) कार्ड म्हणून ताकीद दिली, आणि ती योग्यच होती. त्याच सुमारास ऑनलाइन मागवलेल्या स्लीव्हच्या (कार्डांच्या प्लॅस्टिक पाकिटांच्या) कडा तीन आठवड्यांत उसवल्या. विक्रेत्याने बदलून दिल्या नाहीत, याचा राग अजून आहे. आता फॉइल अल्बममध्ये, डेकमध्ये साधी कार्डं, डब्यात सिलिकाची पुडी.

स्पर्धेच्या दिवशी या डेकचा एक मोठा फायदा होतो. ५० मिनिटांचा राउंड माझा बऱ्याचदा निम्म्या वेळात आटोपतो, जिंकले तरी आणि हरले तरी. वडापाव खाऊन, हात स्वच्छ धुऊन, पुढच्या टेबलावर मी ताज्या डोक्याने बसते. पाच-सहा राउंडच्या दिवशी शेवटच्या दोन राउंडना हे फार जाणवतं.

सध्या रिफ्ट बोल्टवर विचार चाललाय. एका मानात टाकायचं तर ते सस्पेंड करून (बाजूला ठेवून) एक टर्न थांबावं लागतं आणि तेवढ्यात समोरचा सावध होतो. येत्या शनिवारी त्यातले दोन काढून खेळून बघणार आहे.