भ्रूण-संशोधनाची मर्यादा: १४ दिवस की २८?

प्रयोगशाळेत मानवी भ्रूण किती दिवस वाढू द्यावा, याबाबत ब्रिटनमध्ये दोन आकडे समोरासमोर आहेत: कायद्यातील १४ आणि तेथील मानवी प्रजनन व भ्रूणविज्ञान प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुचवलेला २८. मत ठरवू पाहणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावे की हे आकडे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नाहीत.

१४ दिवसांची मर्यादा तत्त्वज्ञ मेरी वॉरनॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये सुचवली आणि १९९० मध्ये ती कायद्यात आली. साधारण चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर ‘प्रिमिटिव्ह स्ट्रीक’ ही पेशींची रेघ उमटते आणि त्यानंतर एका भ्रूणाची जुळी सहसा होत नाहीत. त्यामुळे ‘हा एकच जीव’ असे येथून म्हणता येते, असा तो युक्तिवाद आहे. अर्थात भ्रूण शरीराबाहेर इतके दिवस टिकतच नव्हता, तोवर हा नियम पाळण्यात कोणाचे काही जात नव्हते. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील संशोधकांनी भ्रूण १२-१३ दिवसांपर्यंत वाढवला, तेव्हा कुंपण प्रथमच आड आले.

२८चे कारण वेगळे आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शरीराचे मूळ थर तयार होतात, हृदयाचे ठोके सुरू होतात आणि ज्या न्यूरल ट्यूबसाठी (मेंदू व मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी) गर्भवतीला फॉलिक ॲसिड देतात, ती मिटते. मात्र या काळात अनेकींना गर्भ राहिल्याचे कळलेलेही नसते. गर्भपातानंतर दान केलेल्या ऊती बहुधा यापुढच्या टप्प्यातीलच मिळतात. मूलपेशींपासून (स्टेम सेल) घडवलेल्या भ्रूणसदृश रचना हा पर्याय खरा, पण त्या कितपत अस्सल आहेत हे ताडून पाहायलाही खरा भ्रूणच लागतो.

म्हणजे १४ हा आकडा भ्रूणाच्या दर्जावरून ठरला, तर २८ हा ज्ञानातील पोकळी जिथे संपते तिथून. ‘आज २८, उद्या ४०’ ही शंका म्हणूनच निराधार नाही. फलनापासूनच भ्रूणाला व्यक्ती मानणाऱ्याला मात्र दोन्ही आकडे सारखेच अमान्य असणार.

भारतात आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १४ दिवस किंवा ती रेघ, यांपैकी जे आधी येईल ती मर्यादा आहे.

माझा कल २८कडे आहे, पण सरसकट नव्हे: प्रत्येक प्रकल्पाला त्यासाठी वेगळा परवाना असावा आणि ज्या जोडप्यांनी १४ दिवसांच्या नियमाच्या भरवशावर टेस्ट-ट्यूब उपचारांतून उरलेले भ्रूण संशोधनासाठी दिले, त्यांना पुन्हा विचारल्याशिवाय ते पंधराव्या दिवसात नेऊ नयेत.