जळगावात मिळणारा स्टर्बाय कोरी: मासा झकास, खडी नको

कोरी म्हणजे टाकीच्या तळाशी फिरणारा छोटा मिशाळ मासा; पेपर्ड आणि स्टर्बाय या त्याच्या दोन जाती. खानदेशच्या उन्हाळ्यात पेपर्ड कोरीचे हाल होतात. त्याला 20 ते 25 अंशांचंच पाणी मानवतं. ब्राझील-बोलिव्हियातल्या ग्वापोरे नदीतला स्टर्बाय मात्र 24 ते 28 अंशांत मजेत राहतो. म्हणून इथे हाच घ्यावा.

जळगावातल्या ज्या दुकानात मी हे पाहिले, तिथले मासे तरतरीत आहेत, पोटं भरलेली, कल्ल्यांजवळचे पर छान नारिंगी. खटकते ती टाकीतली धारदार रंगीत खडी. तळ उकरताना तिच्यावर मिशा झिजतात आणि जखमेत संसर्ग होतो. घेताना प्रत्येकाच्या मिशा बघाच, आखूड किंवा बुडाशी लालसर असतील तर नको. घरी बारीक धुतलेली वाळू, किमान सहा मासे, 60 सेंटिमीटरची टाकी आणि बुडणारं खाद्य.

पराचा काटा जाळीत अडकतो, पिशवीही फोडतो. दुहेरी पिशवी मागा. दुकानदार न कुरकुरता देतो.

अधूनमधून वर येऊन हवा गिळणं नैसर्गिक आहे, हा मासा आतड्यातूनही श्वास घेतो. सारखा वर येत असेल तर ऑक्सिजन कमी पडतोय. मे महिन्यात पाणी थंड ठेवायला त्यावर पंखा सोडा, कोरड्या हवेत तो चांगलं काम करतो. वाफ होऊन उडालेलं पाणी आरओ फिल्टरच्या पाण्यानेच भरा, बोअरच्या पाण्याने क्षार साचत जातात.