डब्लिनमधल्या कॉस्ट रेंटल घरात चौदा महिने

ओळखीतलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्हाला ते सरकारी घर कसं काय मिळालं?" घर सरकारी नाही. ते एका एएचबीचं आहे, म्हणजे नफा न घेणाऱ्या मान्यताप्राप्त गृहनिर्माण संस्थेचं. आयर्लंडमध्ये अशा संस्था पूर्वी फक्त गरजूंना घरं द्यायच्या. २०२१ च्या अफोर्डेबल हाउसिंग कायद्यानंतर त्या आमच्यासारख्या मधल्या लोकांनाही घरं देऊ लागल्या. मधले म्हणजे कौन्सिलच्या (इथल्या स्थानिक पालिकेच्या) गरजूंच्या घरांच्या यादीत बसायला पगार जास्त आणि बाजारभावाने भाडं भरायला कमी.

आधीचं घर दोन बेडरूमचं, महिन्याचं भाडं २,१५० युरो. मालकाने घर विकायला काढलं आणि हातात नोटीस ठेवली. आत्ताचं घरही दोन बेडरूमचं, सुरुवातीचं भाडं १,४००. हा फरक सगळ्यांना दिसतो. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे भाडं ठरतं कसं ते. इथे बाजारात काय चाललंय यावरून आकडा निघत नाही. बांधकाम, कर्जाचे हप्ते, देखभाल, पुढच्या मोठ्या दुरुस्त्या असा सगळा खर्च किमान चाळीस वर्षांवर पसरतात आणि त्यातून भाडं काढतात, म्हणून नाव कॉस्ट रेंटल. ते आसपासच्या बाजारभावापेक्षा निदान २५ टक्के कमी असावं, हे धोरण. पुढची वाढ महागाईच्या निर्देशांकाला बांधलेली. वर्ष झाल्यावर पत्र आलं तेव्हा पाकीट फोडताना हात थरथरत होता, जुनी सवय. वाढ निघाली २८ युरो.

माझी आत्या गिरगावात चाळीत राहायची. तिचं भाडं इतकं कमी होतं की सांगितलं तर इथे कुणी विश्वास ठेवणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, आणि २००० मध्ये नवा कायदा लागू होईपर्यंत ती जवळपास तिथेच राहिली. भाडेकरू खूश, पण जिन्याच्या फळ्या बदलायला मालकाला परवडेना, की परवडत असूनही तो करेना, कोण जाणे. पावसाळ्यात टेकू लावलेली गॅलरी मी लहानपणी पाहिली आहे. त्यामुळे १,४०० मधला काही भाग चाळीस वर्षांत कधीतरी बदलायच्या छपरासाठी बाजूला पडतो, हे मला खटकत नाही.

आता तक्रारी.

पहिली पात्रतेची. डब्लिनमध्ये हातात येणारं घरटी वार्षिक उत्पन्न ६६,००० युरोंच्या आत हवं, बाहेर ५९,०००. ही वरची मर्यादा सगळ्यांना माहीत असते. खालची कुणी ठळक अक्षरात लिहीत नाही: भाडं निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. १,४०० गुणिले बारा म्हणजे १६,८००, त्याला ०.३५ ने भागा, ४८,००० येतात. म्हणजे आमच्या इमारतीचं दार फक्त ४८ ते ६६ हजारांमधल्यांना उघडं. एकाच पगारावर चालणारं नर्सचं घर बहुतेक वेळा इथेच अडतं. माझी एक मैत्रीण अशीच बाहेर राहिली, आणि ती आजही २,००० च्या वर भाडं भरते. जे भाडं तिला झेपणार नाही म्हणून नाकारलं, त्याहून जास्त.

दुसरी तक्रार मला नवव्या महिन्यात कळली. नवऱ्याच्या कामाचे तास तीन महिने निम्म्यावर आले. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये त्याच संस्थेची सोशल हाउसिंगची, म्हणजे कौन्सिलच्या यादीतल्या गरजूंसाठीची घरं आहेत. तिथे डिफरन्शियल रेंट, म्हणजे भाडं कमाईनुसार. तिथल्या एका आजोबांचं पेन्शन आणि भाडं एकमेकांचा हात धरून चालतात. आमचं भाडं इमारतीच्या खर्चाला बांधलेलं. इमारतीला आमच्या पगाराशी काय देणंघेणं? एचएपीची, म्हणजे भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत कॉस्ट रेंटलला चालत नाही, भाड्यावरची करसवलतही नाही. संस्थेशी बोललो, त्यांनी हप्ते पाडून दिले. बाई प्रेमाने बोलल्या, पण रक्कम एक युरोनेही कमी झाली नाही. ते तीन महिने आम्ही काटकसरीत काढले.

तेव्हापासून माझं मत थोडं बदललं आहे. एकाच अंगणात दोन प्रकारचं रास्त भाडं नांदतं: एक माणसाकडे बघून ठरवलेलं, दुसरं विटांकडे बघून. विटांचं भाडंही इमारतीच्या जन्मवर्षावर अवलंबून. २०२१ मध्ये डब्लिनच्याच स्टेपसाइड भागात अशीच दोन बेडरूमची घरं १,२०० ने दिली होती. नंतर बांधकाम आणि व्याज दोन्ही महागलं, ते आमच्या डोक्यावर आलं. खर्च खराच झालाय, हे मान्य. पण उशिरा बांधलेल्या घरात राहायला आलो, हा आमचा दोष कसा?

घराबद्दल थोडक्यात: ऊब छान धरतं, हिवाळ्यातलं बिल जुन्या घराच्या निम्मं. पडदे आणि फर्निचर नव्हतं, पहिल्या महिन्यात खिसा रिकामा झाला. पार्किंग दोन घरांमागे एक, त्यावरून व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज महाभारत. गळक्या नळाला अकरा दिवस लागले, पण माणूस आला आणि पैसे मागितले नाहीत.

अर्ज करणार असाल तर जाहिरातीतल्या भाड्याला बाराने गुणून ०.३५ ने भागा, मगच कागदपत्रं गोळा करायला बसा. अर्जांची खिडकी थोडेच दिवस उघडी असते आणि अर्ज घरांपेक्षा जास्त आले की लॉटरी निघते, आपल्या म्हाडासारखी. आमचा नंबर तिसऱ्या खेपेला लागला. पहिल्या दोन वेळच्या पे-स्लिपांची फाइल अजून कपाटात पडून आहे, टाकायचा धीर होत नाही.