सहकारी बँकेचं नवं अ‍ॅप: तीन तारे, त्यातला एक मराठीसाठी

आमच्या बँकेनं अ‍ॅप नवं केलंय. सोसायटीची खजिनदार म्हणून वॉचमन, लिफ्टवाला, टँकरवाला, सगळ्यांचे पैसे मीच पाठवते, त्यामुळे चांगलंच वापरून झालंय.

मराठी झकास. 'लाभार्थी समाविष्ट करा' असली सरकारी भाषा नाही, सरळ 'नवीन खातं जोडा'. रक्कमही 1,25,000 अशी, आपल्या पद्धतीनं.

पण तो आयएफएससीचा, म्हणजे बँक शाखेच्या कोडचा रकाना! या 11 अक्षरी कोडमधलं पाचवं अक्षर नेहमी शून्यच असतं. लोक हमखास इंग्रजी 'ओ' टाकतात. अ‍ॅपनं गुपचूप शून्य करून घ्यायला काय हरकत होती? त्याऐवजी लाल अक्षरांत 'अवैध माहिती'. कुठे चुकलं, पत्ता नाही. वर आधी भरलेला खाते क्रमांकही पुसला जातो, म्हणजे तो परत दोनदा टाका! बनवणाऱ्यांनी हा फॉर्म स्वतः कधी भरलाय का, देव जाणे.

'रद्द करा' आणि 'पाठवा' एकमेकांना खेटून, तेही बारीक. अँड्रॉइडची शिफारस बटण किमान 48 डीपीचं (डीपी हे पडद्यावरचं माप) असावं अशी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर. इथे अंगठा दोन्हींवर एकदमच पडतो.

शिल्लक पहिल्याच पडद्यावर दिसते, तेवढं जुन्यापेक्षा बरं. मोठ्या रकमेसाठी मात्र मी अजून शाखेतच जाते.