क्लच प्लेट बदललीच नाही, आणि माझ्याकडून ४०,९०० रुपये घेतले

जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचची दोन सीटची स्पोर्ट्स कार ज्यांच्याकडे असेल त्यांनी हे वाचाच. गॅरेजवाले कसे लुबाडतात ते मी सांगायला नको. न बदललेला पार्ट बिलात लावतात, भलत्याच गाडीची झिजलेली प्लेट हातात ठेवतात, ‘गाडी जुनी आहे साहेब’ म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बाबतीत त्यांनी आधी बिघाड स्वतः तयार केला आणि मग तोच काढायचे पैसे घेतले. हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितोय, कारण हाच माणूस उद्या दुसऱ्या कुणाचं क्लचचं पेडल ‘टाइट’ करून देणार आहे.

मूळ तक्रार साधी होती. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पेडल खाली बसायचं आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरायचा. दोन-तीनदा पंप केलं की पेडल वर यायचं आणि गिअर गुमान पडायचा. पंप केल्यावर पेडल सुधारत असेल तर दोष तेलाच्या बाजूला असतो: तेलाच्या लाइनमध्ये हवा, नाहीतर मास्टर (पेडलकडच्या) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरचं सील गेलेलं. प्लेट झिजली की लक्षणं वेगळी दिसतात. इंजिन वर ओरडतं, गाडी वेग घेत नाही, आणि हे वरच्या गिअरमध्ये चढावर आधी जाणवतं. हे मी त्या मेकॅनिकला तोंडावर सांगितलं होतं. मला काही कळत नव्हतं म्हणून फसलो, असं कुणी समजू नये.

तो म्हणाला, “बरोबर आहे साहेब, पण आधी ॲडजस्टमेंट करून बघू. उगाच खर्च कशाला?” इतकं समजूतदार बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल? डॅशबोर्डखाली आडवा होऊन त्याने मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडचा (पेडलचा जोर सिलिंडरच्या पिस्टनला देणाऱ्या दांड्याचा) लॉकनट सैल केला, रॉड लांब केला आणि ८०० रुपये घेतले. पेडल एकदम कडक झालं. क्लच अगदी वर उचलायला लागला.

तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. मी पेडल हाताने दाबून पाहिलं आणि त्याला जराही फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) नव्हता. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात थोडी फट लागतेच. ती मारली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेलाला टाकीत परतायचं भोक झाकलेलं राहतं आणि लाइनमध्ये दाब अडकतो. गाडी तापली की तेल फुगतं, त्याला जायला जागा नसते, आणि पेडलवर पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. मी विचारलं, “फ्री प्ले नको का?” उत्तर आलं, “हायड्रॉलिकला नसतो साहेब.” खोटं! कमी असतो, पण असतो. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. ते पान मोबाइलमध्ये ठेवा आणि मोजपट्टी लावून दाखवा. माझ्याकडे तेव्हा ते पान नव्हतं आणि समोरचा माणूस शपथेवर बोलल्यासारखा बोलत होता.

पुढे जे व्हायचं तेच झालं. थंड असताना गाडी ठीक, तापली की क्लच स्लिप, म्हणजे घसरायचा, वर जळका वास. परत नेली तेव्हा हाच इसम चेहरा पाडून म्हणाला, “प्लेट संपली. मी म्हणत नव्हतो?” तो असं काही म्हणाला नव्हता. क्लच सेट २४,५००, फ्लायव्हील घासून आणणं ३,२००, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी ११,०००, गिअर ऑइल १,४००, एकूण ४०,१००. त्यातले २०,००० यूपीआयने आगाऊ दिले. उरलेले २०,१०० त्याने रोख मागितले आणि पक्कं बिल ‘सोमवारी देतो’ म्हणाला. तो सोमवार अजून यायचाय. पक्कं बिल हातात येईपर्यंत एक रुपयासुद्धा रोख देऊ नका.

गाडी मिळाली तेव्हा स्लिप गेली होती, त्यामुळे मी विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता. थोड्याच दिवसांत सकाळी पेडल पुन्हा खाली बसायला लागलं, तेव्हा दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने गाडी वर घेतली आणि मला खाली बोलावून बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या आवरणाचे) बोल्ट दाखवले. वर्षानुवर्षांचं तेल-धुळीचं किटण सगळ्या बोल्टवर जसंच्या तसं होतं, पान्याचा एक ओरखडा नव्हता. गिअरबॉक्स उतरलाच नव्हता. मग स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट मागे सरकवलं तर आतून काळं तेल ठिबकलं. पहिल्या दिवशी कुणीही दोन मिनिटांत पाहिलं असतं. पहिल्या मेकॅनिकने फक्त पुशरॉड पुन्हा आखूड केला होता, हवा काढून तेल भरलं होतं, आणि त्या एका नटाचे ४०,१०० रुपये घेतले होते. खरी दुरुस्ती ३,९०० रुपयांत झाली: सिलिंडर २,६५०, क्लच ऑइल ३५०, मजुरी ९००. या मेकॅनिकने पेडलच्या सांध्यातली पिनही तपासली. जुन्या गाड्यांत तिचं भोक लंबगोल होतं आणि पेडलची हालचाल तिथेच वाया जाते. तुमचीही बघून घ्या.

मला दाखवलेली ‘जुनी प्लेट’ माझी नव्हतीच. तिच्या मधल्या दात्यांवर गंज होता. रोज गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकणारे दाते असे गंजतील का? काम सुरू व्हायच्या आधी गाडीखाली जाऊन बेल हाउसिंगच्या बोल्टवर पेंटचा ठिपका देऊन ठेवा, म्हणजे बोल्ट उघडले की नाही ते कळेल.

आता पोलिसांचं. ठाण्यात अर्ज घ्यायलाच तयार नव्हते. “गाडी चालते ना? मग तक्रार कसली?” नंतर म्हणे हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. न केलेल्या कामाचे पैसे खोटा पार्ट दाखवून उकळणं फसवणूक नाही, तर मग फसवणूक म्हणायचं कशाला? बोल्टचे फोटो दाखवले तर साहेबांनी मोबाइल हातातही घेतला नाही. परिवहन कार्यालयात गेलो. तिथे खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की खासगी गॅरेज आमच्याकडे येत नाही. एक वकील भेटले, त्यांनी सांगितलेली फी माझ्या नुकसानीच्या जवळपास. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, हे मला माझं मलाच शोधून काढावं लागलं. यातल्या एकाही पगारी माणसाने ते सांगितलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ म्हणतो की तपासणीची गरज नसेल तर निकाल शक्यतो तीन महिन्यांत. माझ्या जिल्ह्यात पहिली तारीख पडायलाच त्याहून जास्त वेळ गेला, आणि त्या तारखेला समोरचा आलाच नाही. पुढची तारीख. त्याला कुणी विचारत नाही, आणि मी रजा टाकून बाकावर बसतो.

तुमच्या बाबतीत असं झालं तर मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा. बिल न देणं हीसुद्धा याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, ते नोटिशीत लिहा. माझ्या नोटिशीला एका ओळीचं उत्तर आलं: ‘जुन्या गाडीच्या कामाची गॅरंटी नसते.’ काम केल्याचा एकही कागद त्याने सोबत जोडलेला नाही. तेच उत्तर मी आयोगापुढे लावलंय, यूपीआयची नोंद आणि दुसऱ्या मेकॅनिकचं सहीचं निवेदनही. मागणी ४०,९०० रुपये (४०,१०० आणि आधीचे ८००) आणि त्यावरच्या व्याजाची आहे. तडजोडीसाठी १०,००० चा निरोप आला होता, तो मी परत पाठवला.