डेप्रिकेशन वॉर्निंग: लगेच दुरुस्ती की व्हर्जन लॉक?

जळगावच्या एका सहकाऱ्याने जिनिंगवाल्यांसाठी वेब ॲप केलंय. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (तांत्रिक संदेश दिसतात त्या खिडकीत) डेप्रिकेशन वॉर्निंगची, म्हणजे ‘ही जुनी सोय पुढे बंद होणार’ अशा इशाऱ्यांची, रांग आहे आणि कापसाचा हंगाम तोंडावर आलाय. त्याचा प्रश्न: वॉर्निंग आत्ताच काढू, की व्हर्जन लॉक करून, म्हणजे ॲपमधल्या लायब्रऱ्या (इतरांचा तयार कोड) आहे त्याच आवृत्तीवर ठेवून, हंगाम काढू?

आधी वॉर्निंग कुणाची ते बघ. ब्राउझरची असेल तर लॉक करायला काही हातात नसतं. क्रोमने २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीत म्युटेशन इव्हेंट (पानातला बदल कळवणारी जुनी सोय) बंद केले. धरणगावच्या व्यापाऱ्याचा क्रोम तुला विचारून अपडेट होत नाही. तिथे त्यांची जागा घेणारा म्युटेशन ऑब्झर्व्हर आजच लाव.

लायब्ररीची असेल तर सवड मिळते. रिॲक्ट या स्क्रीन बांधायच्या लायब्ररीने २०२२ मध्ये १८ व्या आवृत्तीत जुन्या रेंडर (पान स्क्रीनवर दाखवायच्या) पद्धतीवर वॉर्निंग दिली, पण ती पद्धत काढली २०२४ च्या १९ व्या आवृत्तीत.

वेळेच्या हिशेबात लॉक स्वस्त, आज जवळजवळ फुकट. टिकाऊपणात मात्र ते मागे पडतं: सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) अडकतात, नव्या लायब्रऱ्या जुन्या रिॲक्टशी जुळत नाहीत आणि काम व्याजासकट वाढतं. लगेच दुरुस्तीत चाचणीची मेहनत आहे, पण बदल छोटे राहतात, बिघाड कुठला ते पटकन कळतं.

कन्सोलची वॉर्निंग नुसती दडपणं हा तिसरा मार्ग मला अजिबात मान्य नाही.

ॲप रोज वाढतंय, पुढेही सांभाळायचंय, तर लगेच दुरुस्ती. आवक सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत आणि चाचणीला माणूस नाही, तर लॉक. पण हंगाम संपल्यावरची दुरुस्तीची तारीख आजच ठरव.