ब्लेंडरमधे दुसरी बाहुली: शिफ्ट-डी की ऑल्ट-डी?

कुडाळच्या घरी बसून ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधे दशावताराचा छोटा सीन करत होतो, राजा आणि संकासूर, बाहुली एकच आणि तिचीच दुसरी कॉपी. कॉपीचे शॉर्टकट दोन, शिफ्ट आणि डी किंवा ऑल्ट आणि डी. मी ऑल्ट-डीने कॉपी मारली आणि संकासुराचं तोंड उघडलं की राजाचंपण उघडायला लागलं, मी आधी हसलो मग डोकं धरून बसलो.

कारण असं की ऑल्ट-डीत दोघांचा मेश (म्हणजे बाहुलीच्या आकाराची जाळी) एकच राहतो आणि ‘शेप की’ (तोंड उघडणं वगैरे हावभावांचे साठवलेले आकार) त्या मेशवर असतात, म्हणून हावभाव दोघांचे सारखेच. पोझ मात्र वेगळी देता येते, त्यामुळे सुरवातीला काही कळतच नाही! शिफ्ट-डीत मेश वेगळा होतो, चेहरे सुटे. पण मटेरियल (रंग, चकाकी वगैरे) डिफॉल्टला तिथेही शेअरच असतं हां, संकासुराचा झगा काळा केला तर राजाही काळा झाला. मटेरियलच्या नावाशेजारी २ आकडा दिसतो त्यावर क्लिक करा, कॉपी वेगळी होते.

अजून एक, नुसता मेश कॉपी करू नका, आर्मेचरसकट (बाहुली हलवणाऱ्या हाडांच्या सांगाड्यासकट) सिलेक्ट करा, नाहीतर नवीन बाहुली जुन्याच हाडांवर नाचते.

मग ऑल्ट-डी बिनकामाचंच का? तसं नाही, मागे बसलेले प्रेक्षक, माडाची झाडं यांना तेच बरं, मेश एकच असल्याने माझा जुना लॅपटॉप तेवढ्यावरच तग धरतो. बोलणाऱ्या पात्राला शिफ्ट-डीच. आणि ऑल्ट-डी आधीच मारून बसला असाल तर ऑब्जेक्ट मेनू, रिलेशन्स, मेक सिंगल युजर, त्यात ऑब्जेक्ट अँड डेटा. त्याआधी फाइल सेव्ह करा, पावसात लाईटचा भरोसा नाय.